टाकीवरचा घाट

वाचकाचं पत्र

नमस्कार,

मी पुण्यात असते. माहेर शिरोळ तालुक्यात. वडील (आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो) साखर कारखान्यात फिटर होते. त्यांची १९६७ सालची जावा २५० होती, सेकंडहँड घेतलेली. टाकीचं निकेल गंजायला लागलं तेव्हा, म्हणजे १९७९ च्या सुमारास, त्यांच्या एका मित्रानं ती रंगवून दिली. हा मित्र कोल्हापुरात थिएटरचे बोर्ड रंगवायचा. आता तो हयात नाही. टाकीच्या डाव्या बाजूला त्यानं नरसोबाच्या वाडीचा घाट काढला. पायऱ्या, पाण्यात नाव, वर औदुंबर. आईचं माहेर वाडीचं. उजव्या बाजूला उसाचा फड आणि कारखान्याची चिमणी. दोन्ही टूलबॉक्सवर एकेक गुलाब, आणि सगळ्याला सोनेरी रेघांची चौकट. आमच्या भागात ती गाडी ‘वाडीची जावा’ म्हणूनच ओळखली जायची.

आण्णा जाऊन पाच वर्षं झाली. गाडी भावाकडे, गावच्या घरी. आईही तिथंच. २०१९ च्या महापुरात त्यानं टीव्ही-फ्रिज घरात सोडला आणि गाडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून बाहेर काढली होती. आता मात्र तो म्हणतो, रंग फुगलाय, पोपडे निघतायत, टाकी आतून गंजलीय, तेव्हा सगळी गाडी खोलून मूळच्या मरून रंगात ‘कंपनीसारखी’ करायची. गॅरेजवाल्यानं त्याला सांगितलंय की असलं चित्र असेल तर व्हिंटेज म्हणून पासिंग होत नाही. गणपतीत गेले तेव्हा यावरून भांडण झालं. मी म्हणाले, तू आण्णांना पुसून टाकायला निघालायस. तो म्हणाला, तुला फोटो काढायला गाडी पाहिजे, पुसायला मी. तेव्हापासून बोलणं बंद आहे. आई काहीच बोलत नाही.

त्याला असं करायचा अधिकार आहे का? ते चित्र वाचेल का? आणि मी त्याला थांबवू कशी?

एक वाचक, पुणे

उत्तर

प्रिय ताई,

शेवटचा प्रश्न आधी घेतो. भावाला थांबवू नका. टाकी आणि टूलबॉक्स एवढे सोडून बाकीची सगळी गाडी त्याला खोलू द्या. त्याला तुमच्याकडून नेमकं काय हवंय आणि तुम्हाला त्याच्याकडून नेमकं काय हवंय, हे दोन्ही वेगळं काढलं तर भांडणातला बराचसा भाग उरतच नाही.

पुरात टीव्ही-फ्रिज सोडून गाडी ट्रॉलीत घालणारा माणूस बापाला पुसायला निघालेला नसतो. हे तुम्हीच लिहिलंय, आणि थोडं पुढं त्याच्यावर तो आरोपही नोंदवलाय. त्याचं उत्तर तुम्हाला झोंबलं, कारण ते बरचसं खरं आहे. वर्षातून दोनदा येऊन एखाद्या वस्तूबद्दल हळवं होणं सोपं असतं. पावसाळ्यात तिच्यावर बुरशी येऊ न देणं, उंदरांनी वायरी कुरतडल्या की त्या बदलणं, किक मारून मारून घाम निघाला तरी महिन्या-दोन महिन्यांनी इंजिन चालू ठेवणं, हे काम दुसऱ्या कुणीतरी केलेलं असतं. त्यामुळं तुमचं म्हणणं बरोबर असलं तरी ते मांडायचा सूर बदलावा लागेल. कसा, ते शेवटाकडं येतोच.

आता तुमच्या बाजूनं बोलतो, कारण मुख्य मुद्द्यावर मी तुमच्याच बाजूचा आहे.

जावा २५० ही चांगली गाडी आहे, पण दुर्मीळ नाही. मुंबईच्या इराणी मंडळींनी म्हैसूरला आयडियल जावाचा कारखाना काढला, साठच्या दशकाच्या सुरुवातीपासून तिथून गाड्या निघायला लागल्या, १९७३ पासून त्यांना येझदी हे नाव आलं आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. एवढ्या वर्षांत रस्त्यावर आलेल्या गाड्यांपैकी बऱ्याच अजून धावतायत. क्रँकपासून मडगार्डपर्यंत बहुतेक सगळं मिळतं, नवं बनवूनही मिळतं. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले ठिकठिकाणी जमतात तेव्हा मरून रंगाच्या, सोनेरी रेघांच्या, चकचकीत जावांची रांगच्या रांग लागते. भावानं ठरवलंय तसं केलं तर त्या रांगेत आणखी एक गाडी वाढेल, आणि वाडीचा घाट असलेली जी एकच गाडी जगात आहे ती संपेल. माझ्या मते या प्रकरणात वारसा गाडीचा नाही, त्या पत्र्यावरच्या चित्राचा आहे. गाडी हा त्याचा स्टँड.

त्या मित्राच्या बाजूनंही एक गोष्ट सांगायला हवी. कोल्हापुरात पेंटर होणं ही लहान गोष्ट नव्हती. ज्या गावात बाबूराव मेस्त्री (१८९० ते १९५४) साऱ्या महाराष्ट्राचे बाबूराव पेंटर झाले, तिथं थिएटरचा बोर्ड रंगवणाऱ्यालाही चेहरा जमला की नाही हे चौकातला पानवाला सांगायचा. पण त्या कामाचं नशीब वाईट. बोर्ड शुक्रवारी लागायचा, सिनेमा उतरला की त्याच कापडावर किंवा पत्र्यावर पांढरा हात मारून पुढचा सिनेमा रंगवायचा. जन्मभर रंगवलं आणि मागं काही उरलं नाही असे पेंटर कितीतरी. नंतर फ्लेक्स आला आणि धंदाच गेला. आण्णांच्या मित्रानं सत्तर-ऐंशीच्या दशकात काढलेल्या शेकडो चेहऱ्यांपैकी आज काय शिल्लक असेल? बहुधा फार काही नाही. एक टाकी आणि दोन गुलाब मात्र आहेत. म्हणून टाकी सुटी कराल तेव्हा खालच्या कडेला, सीटच्या बाजूच्या कोपऱ्यात नीट बघा. हे लोक बारीक अक्षरात ‘अमुक आर्ट’ अशी सही करायचे. सही सापडली, किंवा नाव तुम्हाला ठाऊकच असेल, तर त्यांच्या मुलानातवंडांना एकदा घरी बोलावून टाकी दाखवा. त्यांच्या घरात वडिलांच्या हातचं काहीच नसण्याची शक्यता बरीच आहे.

आता रंगाचं, कारण भावाचा मुद्दा तिथं आहे आणि तो काही खोटं बोलत नाही.

जुन्या जावाच्या टाकीच्या दोन्ही बगला क्रोमच्या असायच्या (आपण सगळ्यालाच निकेल म्हणतो) आणि त्यावर गुडघ्यांसाठी रबर बसवलेले असायचे. चित्र काढायला ते रबर नक्कीच काढले असणार आणि गंजलेल्या क्रोमवर घासून, लांबी (पुट्टी) भरून, प्रायमर मारून, वर इनॅमलनं रंगवलं असणार. क्रोमवर रंग नीट धरत नाही. कितीही घासा, काही वर्षांनी तो कडेनं सुटायला लागतो आणि खालचा गंज त्याला वर ढकलतो. फुगे आणि पोपडे येतात ते यामुळं, भावाच्या हयगयीमुळं नव्हे. हे त्याला सांगा. त्याला बरं वाटेल.

पण याच कारणासाठी ‘कंपनीसारखी’ करणं म्हणजे काय, हेही नीट समजून घ्या. रंग खरवडायचा, जुनं क्रोम आम्लात उतरवायचं, खड्डे पडलेला पत्रा बफिंगवर घासून सपाट करायचा, मग तांबं, निकेल, क्रोम असे थर चढवायचे. साठ वर्षांचा, आतून गंजलेला पत्रा यात आणखी पातळ होतो. बफिंगच्या वेळी टाचणीएवढी भोकं उघडी पडतात, त्यांना झाळकामाचे डाग द्यावे लागतात, डागांवर क्रोम नीट बसत नाही, आणि शेवटी गॅरेजवालाच म्हणतो की साहेब, नवीन टाकीच घ्या. म्हणजे चित्र गेलं आणि टाकीही गेली. भावाला चकचकीत टाकीच हवी असेल तरी ही टाकी त्या कामाची नाही. हा मुद्दा भावनेचा नाही, पत्र्याचा आहे. घरातल्या फिटरचा मुलगा तो लगेच समजेल.

दुसरं कारण पेट्रोलचं. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. गाडी महिनोन्महिने उभी राहिली की ते पाणी टाकीच्या तळाशी बसतं आणि गंज आतून बाहेर येतो. जुन्या इनॅमलवर असलं पेट्रोल सांडलं तर रंग मऊ पडतो, आणि जावात पेट्रोल सांडतंच: टाकीत ऑइल मिसळताना सांडतं, झाकणाच्या गळक्या वॉशरमधून डचमळून ओघळतं, कॉकमधून ठिबकतं. झाकणाभोवतीचा रंग आताच काळपट-चिकट झालेला असेल, बघा. गंमत म्हणजे यातलं काही इथेनॉल येतं आपल्याच साखर कारखान्यांतून. उजव्या बगलेला जी चिमणी रंगवलीय तिची पुढची पिढी डाव्या बगलेचा घाट खातेय.

म्हणून माझा सल्ला असा: त्या टाकीत यापुढं पेट्रोल घालूच नका. तिला गाडीतून निवृत्त करा आणि गाडीसाठी दुसरी टाकी आणा.

जावावाल्यांत ही युक्ती नवी नाही. जुनी टाकी शोधली तर पुण्या-मुंबईच्या जुन्या बाजारात, जावाच्या जुन्या मेकॅनिकांकडं किंवा गाड्या जमवणाऱ्यांकडं मिळते. नवी बनवलेलीही मिळते, पण पत्रा हलका असतो. जुनी मिळाली तर बरी. विकत घेण्याआधी आपल्या गाडीवर बसते का ते प्रत्यक्ष लावून बघायचं. येझदी रोडकिंगची टाकी कुणी गळ्यात मारू नये, ती वेगळी. टूलबॉक्सचीही दुसरी जोडी घ्यायची. या नव्या सेटवर भावाला हवा तो मरून रंग, हवं तेवढं क्रोम. त्यावरच्या सोनेरी रेघा मात्र स्टिकरनं मारू नका. रॉयल एन्फिल्डच्या चेन्नईच्या कारखान्यात बुलेटच्या टाकीवरच्या रेघा हातानं ओढायची परंपरा आहे, तर आपल्याकडंही नंबरप्लेटा रंगवणारा एखादा जुना हात तालुक्याच्या गावात अजून सापडतो. त्याला काम द्या. आणि नव्या टाकीवर घाटाची नक्कल काढायचा मोह कुणाला झाला तर तो तिथंच थांबवा. फोटोवरून छापलेला विनाइलचा घाट मला तरी बघवणार नाही.

एक फायदा अनपेक्षित आहे. आरसी बुकात गाडीचा रंग लिहिलेला असतो. १९७९ मध्ये आण्णांनी आरटीओत जाऊन ‘वाडीचा घाट’ अशी नोंद केली असेल असं मला वाटत नाही. म्हणजे मरून टाकी लावल्यावर इतक्या वर्षांनी गाडी पहिल्यांदा कागदाप्रमाणं होईल.

चित्राची टाकी सुटी झाली की तिचं काय करायचं ते जरा सविस्तर लिहितो, कारण चांगल्या हेतूनं होणारं नुकसान इथंच होतं.

सगळ्यात मोठा धोका तडजोडीचा आहे. कुणीतरी म्हणेल, ‘चित्र तसंच राहू दे, वरून क्लिअर मारून देतो, काचेसारखं होईल.’ नको. आजच्या क्लिअर कोटमधला थिनर जुन्या इनॅमलला उचलतो. फवारा मारल्यावर काही मिनिटांत रंगाला सुरकुत्या पडतात, आणि त्या परत बसत नाहीत. सुरकुत्या नाही पडल्या तरी खालचे सुटलेले पोपडे क्लिअर घेऊनच निघतात. रबिंग कंपाउंड आणि पॉलिश मशीनही नको. गुलाबाची पाकळी एका हाताच्या फटकाऱ्यात काढलेली असते, तो थर कंपाउंडनं दोन घासात जातो. रॉकेल किंवा डिझेलच्या फडक्यानं गाडी चमकवायची सवय आपल्याकडं घरोघरी आहे. तीही या टाकीपुरती बंद.

करायचं ते असं. टाकी रिकामी करून पूर्ण वाळवायची, आत थोडं इंजिन ऑइल फिरवून ठेवायचं, म्हणजे गंज धरत नाही. साफ करण्याआधी फोटो काढायचे: समोरून, आणि खिडकीचा उजेड तिरपा पडेल असे बाजूनं. तिरप्या उजेडात कुठं रंग सुटलाय ते स्पष्ट दिसतं. मग ओल्या सुती फडक्यानं, सौम्य साबणाचा एखादा थेंब घालून, न घासता टिपायचं. त्याआधी एका न दिसणाऱ्या कोपऱ्यात कापसाच्या बोळ्यानं बघायचं. बोळ्याला रंग लागला तर थांबायचं. जिथं पोपडे सुटलेत तिथं पाणी लावायचंच नाही. ते चिकटवायचं काम गॅरेजचं नाही, चित्रं आणि जुन्या वस्तू सांभाळणाऱ्या तज्ज्ञांचं. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं कलासंवर्धन केंद्र आहे, तिथं फोटो पाठवून सल्ला विचारायला हरकत नाही. त्यांना एकच सांगायचं: सुटलेलं धरा, गेलेलं पुन्हा रंगवू नका.

हे ‘रंगवू नका’ मी मुद्दाम म्हणतोय. घाटाच्या काही पायऱ्या पुसट झालेल्या असतील, बहुधा टाकीच्या मागच्या भागात. रबर काढलेले असल्यामुळं तिथं आण्णांचा डावा गुडघा वर्षानुवर्षं घासलेला असणार. कुणी हौशी पेंटर त्या पायऱ्या ताज्या करून देईल, पण मग गुडघा जाईल. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं, फिवानं, २०१२ मध्ये ट्यूरिन सनद म्हणून एक मसुदा संमत केला. त्याचं सार हेच आहे की आधी आहे ते जपा, मग लागेल तेवढं दुरुस्त करा, आणि अगदीच इलाज नसेल तेव्हा नवं करा. भावाच्या गॅरेजवाल्याला ही सनद ठाऊक नसेल. पण गाड्या जमवणाऱ्या मंडळींत अलीकडं चकाचक नव्या केलेल्या गाडीपेक्षा जशी आहे तशी राहिलेल्या गाडीकडं लोक आधी वळतात, हे त्यालाही दिसत असेल.

टाकी कुठं ठेवायची? देव्हाऱ्याशेजारी नको, उन्हाच्या खिडकीत नको, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून तर अजिबात नको. आत दमट हवा कोंडली की पुन्हा फुगे. आईचं एखादं जुनं सुती लुगडं वर टाका. आणि तुमचं घर शिरोळ तालुक्यात, नदीच्या अंगाला. २००५, २०१९, २०२१ चे महापूर तुम्हाला मी सांगायला नको. टाकी वरच्या मजल्यावर, माळ्यावर, जिथं पाणी चढत नाही अशा जागी ठेवा. पुढच्या वेळी ट्रॉली शोधायची वेळ आली तर गाडी ओढण्यात भावाचा जीव धोक्यात जाऊ नये, हाही दोन टाक्यांचा एक फायदा.

इंजिनाबद्दल मी काही बोलणार नाही, तो भावाचा प्रांत. ऑइल सील, वायरिंग, टायर, रिम, सगळं करू द्या. फक्त एक अट घाला: काढलेला प्रत्येक जुना भाग, हातानं रंगवलेल्या जुन्या नंबरप्लेटसकट, एका पेटीत राहील. गॅरेजवाले जुनं सामान ‘भंगार’ म्हणून ठेवून घेतात आणि ते दुसऱ्याच्या जावावर चढतं.

आता अधिकाराचं. आण्णांनी मृत्युपत्र केलं नसेल तर त्यांच्या कमाईच्या वस्तूवर आई, तुम्ही आणि भाऊ असा तिघांचा सारखा हक्क. (आण्णांची आई हयात असतील तर त्यांचाही.) गाडी भावाच्या ओसरीत आहे म्हणून एकट्याची होत नाही आणि तुमचा जीव तिच्यात आहे म्हणून तुमचीही होत नाही. पण हे कायद्याचं कलम भांडणात हत्यार म्हणून वापरू नका, कारण खरं तातडीचं काम वेगळं आहे. मालक वारल्यावर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करायची असा नियम आहे. तुमची पाच वर्षं गेली. गाडी अजून आण्णांच्याच नावावर असेल, विमा संपलेला असेल, आणि भाऊ ती गावातून फिरवत असेल, तर उद्या एखादं पोर आडवं आलं की भरपाई घरातून जाईल. दंड भरावा लागेल, भरा. मृत्यूचा दाखला, वारसांचे कागद आणि बाकीच्या दोघांचं संमतिपत्र जोडून गाडी एकाच्या नावावर करा. माझं मत विचाराल तर भावाच्या. जो सांभाळतो त्याच्या नावावर.

व्हिंटेज पासिंगबद्दल गॅरेजवाल्यानं सांगितलेलं मला पटत नाही. केंद्राचे नियम जुलै २०२१ मध्ये आले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात येते, आणि नियमाचा रोख चेसिस, बॉडी आणि इंजिनातल्या मोठ्या बदलांवर आहे. टाकीवर कुणी घाट काढला म्हणून अर्ज फेटाळा असं त्यात लिहिलेलं नाही. तरीही मरून टाकी लावून गाडी नेली की प्रश्नच मिटतो. पण भावाला याहून महत्त्वाचं एक विचारा: व्हिंटेज नोंदणी हवीय कशाला? तिची फी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या नूतनीकरणाला पाच हजार. आणि ती घेतली की गाडी रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. रोज मळ्यात जायला, तालमीत जायला नाही. त्याला गाडी वापरायची असेल तर दर पाच वर्षांनी होणारं नेहमीचं नूतनीकरणच बरं. नुसती मिरवायची असेल तर व्हिंटेज. हे त्याचं त्याला ठरवू द्या.

आता आईबद्दल. तुमच्या पत्रात तीन शब्द आहेत, ‘आईचं माहेर वाडीचं’, आणि ते लिहून तुम्ही पुढं उसाच्या फडाकडं गेलात. जरा मागं या. नवरा गाडी रंगवून घेतो, मित्राला काय काढायचं ते सांगतो, आणि टाकीच्या डाव्या बाजूला बायकोच्या माहेरचा घाट येतो. तेव्हाच्या बायका साडीवर मागं एका बाजूला पाय सोडून बसायच्या, तेही बहुतेक डावीकडंच. घाट कुणाच्या बाजूला आला ते बघा. ही कल्पना आण्णांची, मित्राची, की आईची स्वतःची? मला ठाऊक नाही, तुम्हाला ठाऊक नाही, आणि जिला ठाऊक आहे तिला तुम्ही दोघांनी विचारलेलं नाही. तुमच्या भांडणात तिनं कुणाची तरी बाजू घ्यावी अशी अपेक्षा दोघांनाही आहे, म्हणून ती गप्प आहे. तिच्या शेजारी बसा, गाडी करायची की नाही हा विषय काढू नका, फक्त विचारा की ते चित्र काढलं तेव्हा काय काय झालं. ती बोलायला लागली तर फोनवर रेकॉर्ड करा.

आणि ती म्हणाली की मला ती गाडी कधीच आवडली नव्हती, विका एकदाची, तर? तेही ऐकून घ्यावं लागेल. त्या गाडीपायी घरात काय अडलं, कुठला दागिना मोडला, हे मुलांना माहीत नसतं. तिचा हिस्सा तुमच्याएवढाच आहे आणि आठवणी जास्त आहेत. तिनं विकायला सांगितलं तर गाडी विका, टाकी ठेवा. विकताना गाडीला मरून टाकी असेलच.

भावाला फोन करा. मेसेज नको, फोन. आधी ‘पुसायला मी’ हे त्याचं वाक्य मान्य करा, त्याला ‘पण’ जोडू नका. मग सांगा की इंजिन तुझ्या मनासारखं कर, रंग मरून कर, फक्त ही टाकी आणि हे दोन टूलबॉक्स रंगवू नकोस. तो विचारेल, मग गाडीला काय लावू? दुसरी टाकी, टूलबॉक्सची जोडी, क्रोमचं काम आणि रेघा ओढणाऱ्याची मजुरी, हे सगळे पैसे तुम्ही द्या. अर्धे नकोत, सगळे.